उचल, कोयता आणि वेठ : शिरूर-दौंड परिसरातील बांधील श्रमांचे अर्थकारण

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा भारतात २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आला. आधी वटहुकूम निघाला आणि १९७६ साली संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. त्या एका दिवशी देशातील प्रत्येक वेठबिगार कायद्याने मुक्त झाला, त्याच्या डोक्यावरचे बंधनकारक कर्ज रद्द झाले आणि असे कर्ज वसूल करणे हाच गुन्हा ठरला. या घटनेला अर्धशतक उलटून गेले आहे. एखाद्या कायद्याने काय साधले याचा ताळेबंद मांडण्यास पन्नास वर्षांचा अवधी पुरेसा असतो.

हा ताळेबंद दिल्लीच्या आकडेवारीपेक्षा आपल्या धर्मप्रांतातील दोन परिचित तालुक्यांच्या आधारे मांडावा, असे आम्हांला वाटते. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके. एकीकडे घोड आणि भीमा या नद्या, दुसरीकडे खडकवासल्याचा कालवा. शिरूरकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंडकडे कुरकुंभची रासायनिक वसाहत आणि रेल्वेचे मोठे जंक्शन. वरवर पाहता हा समृद्धीचा पट्टा आहे. ही समृद्धी कोणाच्या हातांनी उभी राहते आणि ते हात किती मोकळे आहेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दिसणारी साखळी आणि न दिसणारी साखळी

जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात विहिरींच्या खोदकामावर अक्षरशः साखळदंडाने बांधून ठेवलेल्या अकरा मजुरांची पोलिसांनी सुटका केली. ते वृत्त वाचून सारा महाराष्ट्र हळहळला. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबण्यासाठी दिली गेल्याचे एका बालिकेच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. या घटना भयानक आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्यामुळे आपली एक दिशाभूल होण्याचा संभव असतो. गुलामगिरी म्हणजे साखळी, मारहाण आणि कोंडवाडा, असे आपण समजू लागतो. आणि जेथे साखळी दिसत नाही तेथे सर्व काही स्वखुशीने चालले आहे, असे मानून मोकळे होतो.

भारतीय कायदा असे मानत नाही. १९७६ च्या कायद्यात वेठबिगारीचे मुख्य लक्षण साखळी नसून आगाऊ घेतलेली रक्कम हे आहे. कर्ज अथवा उचल घेतल्यामुळे एखाद्याला विशिष्ट मालकाकडेच राबावे लागत असेल, दुसरीकडे काम करण्याची किंवा हवे तेथे जाण्याची मोकळीक राहत नसेल, अथवा किमान वेतनाइतकी मजुरी मिळत नसेल, तर ती वेठबिगारी होय. कर्ज कोठे कागदावर लिहिलेले असलेच पाहिजे, असेही नाही. एवढेच नव्हे, तर मजुराने वेठबिगारीची तक्रार केली असता ते कर्ज तशा स्वरूपाचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने सावकारावर टाकलेला आहे.

तेव्हा शोध घ्यावयाचा तो साखळीचा नव्हे, वहीचा.

एका कोयत्याचा हिशेब

शिरूर-दौंडच्या अर्थव्यवस्थेचा कणा ऊस आहे. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा आणि शिरूर तालुक्यात न्हावरे येथील घोडगंगा ही कारखान्यांची नावे आपल्या वाचकांना परिचयाची आहेत. यांतील काही कारखाने आर्थिक अडचणीत सापडून काही हंगाम बंदही राहिले. कारखाने सहकारी असोत की खासगी, चालू असोत की अडचणीत, त्यांच्यासाठी ऊस तोडणारा माणूस बहुधा बाहेरून येतो. बीड, जालना, अहिल्यानगर जिल्ह्याचा पाथर्डी-शेवगाव भाग, खानदेश येथील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाशेजारी पालांत राहतात.

या कामात नवरा-बायकोची जोडी हे एक माप आहे. तिला ‘कोयता’ असे म्हणतात. माणसाच्या जोडीला अवजाराच्या नावाने ओळखावे, यातच बरेच काही येऊन जाते. पावसाळ्यात घरी अन्नाची चणचण असताना, लग्नकार्य किंवा आजारपण निघाले असताना मुकादम या जोडीला उचल देतो. ही उचल जोडीमागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत असते. पुढे हंगामभर तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती फेडावयाची असते.

जानेवारी २०२४ मध्ये मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत झालेल्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनामागे सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन २० टक्के ठरले. ही वाढ स्वागतार्ह होती. तरीही हिशेब मांडून पाहू.

समजा, एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली. ३६६ रुपये दराने ती फेडण्यास सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. पहाटेपासून राबणारी धडधाकट जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते, त्याच्या मोळ्या बांधते आणि त्या वाहनात भरते. दोन टनांचा वेग एकही दिवस न चुकता टिकला, तरी उचल फिटण्यास १३७ दिवस लागतात. दीड टनाचा वेग धरला तर १८२ दिवस. आता हंगाम किती दिवसांचा? पाऊस आणि उसाची उपलब्धता यांनुसार तो बदलतो. २०२४-२५ मध्ये राज्यातील अनेक कारखान्यांची धुराडी शंभर दिवसांच्या आतच विझली. शंभर दिवसांत दोन टनांच्या वेगाने २०० टन, म्हणजे ७३,२०० रुपये होतात. उरलेले २६,८०० रुपये पुढच्या वर्षाच्या वहीत चढतात.

या हिशेबात आम्ही अजून आठवड्याची खर्ची धरलेली नाही. पीठ, तेल, मीठ, औषध यांसाठी मिळणारी ही रक्कमही उचलीतच मिळविली जाते. आजारपणाचा खाडा धरलेला नाही. बाळंतपण धरलेले नाही. यंत्र बिघडून कारखाना थांबला किंवा वाहन आले नाही म्हणून बसून काढलेले दिवस धरलेले नाहीत. वाढ्याच्या पेंढ्या विकून चार पैसे मिळतात, तेवढाच काय तो वरचा आधार. हिशेबाची वही बहुधा मुकादमाकडे असते. मजूर निरक्षर असेल तर त्याच्याजवळ केवळ त्याची आठवण असते.

या व्यवहारात फसवणूक असतेच, असे आमचे म्हणणे नाही. किंबहुना अधिक गंभीर गोष्ट ही आहे की प्रत्येक जण प्रामाणिक असला तरीही हा हिशेब जुळत नाही. बंधन एखाद्या दुष्ट माणसाच्या मनात नाही. ते दर, उचल आणि हंगामाचे दिवस यांच्या गणितात आहे.

जोडीतील स्त्रीचा विचार तर स्वतंत्रपणेच करावयास हवा. उचल नवऱ्याच्या नावे घेतली जाते, परंतु गहाण पडतात ते दोघांचेही श्रम. तिच्या कष्टाचा पैसा तिच्या हाती येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकावा, ही वेळ ज्या व्यवस्थेत येते तिला ‘स्वखुशीचा करार’ म्हणणे कठीण आहे.

मालकाला यातून काय मिळते?

अर्थशास्त्राचे जनक मानले गेलेले ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली असे प्रतिपादन केले होते की, गुलामाचे श्रम स्वस्त दिसले तरी अखेर सर्वांत महाग पडतात. ज्याला स्वतःचे काही मिळवायचे नाही तो मन लावून राबत नाही, आणि त्याला वर्षभर पोसावे मात्र लागते. हा युक्तिवाद खरा मानला तर वेठबिगारी केव्हाच आपोआप संपावयास हवी होती. ती का संपली नाही?

याचे उत्तर आजच्या वेठीच्या बदललेल्या रूपात आहे. जुन्या काळातील मालकाला आपल्या गुलामाला बाराही महिने अन्नवस्त्र द्यावे लागे. उचलीच्या पद्धतीत ही जबाबदारी उरत नाही. हंगामाचे चार-पाच महिने श्रम हवेत तेव्हा मजूर हजर असतो. हंगाम संपला की त्याचे पोषण, आजारपण, वार्धक्य, मुलांचे शिक्षण हे सारे त्याच्या कोरडवाहू गावावर सोपविले जाते. त्याचप्रमाणे मजुरी तासावर नसून टनावर असल्यामुळे तो मन लावून राबतो की नाही, हे पाहण्यास मुकादमही लागत नाही; कर्जच त्याला पहाटे उठविते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमध्ये, खानदेशातून बारडोली भागात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि या पद्धतीला नवी वेठ अशा अर्थाचे नाव दिले. जुन्या हाली पद्धतीत मालक आणि हाली यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. त्यात पिळवणूक होती, तशी थोडीफार जबाबदारीही होती. नव्या वेठीत जबाबदारी गळून पडली आणि पिळवणूक तेवढी राहिली.

दुसरे कारण उसाच्या प्रकृतीत आहे. तोडलेल्या उसातील साखर वेळ जाईल तशी घटते. तो शक्य तितक्या लवकर गाळपास जावा लागतो. कारखान्याला रोज ठराविक हजार टन ऊस हवा असतो आणि एक दिवस गव्हाण बंद राहिली तर मोठे नुकसान होते. म्हणून कारखान्याला मजुरांपेक्षाही अधिक गरज असते ती मजुरांच्या खात्रीची. चांगली मजुरी, निवारा आणि नियमित रोजगार देऊन ही खात्री मिळविता येते. तशीच ती उचलीने जखडूनही मिळविता येते. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, म्हणून तो टिकला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे जबाबदारीची उतरंड. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम मजुराला. कारखान्याच्या हजेरीपटावर मजुराचे नाव नसते. म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही. या उतरंडीत जोखीम मात्र खाली-वर फिरत राहते. मुकादमाने लाखो रुपये घेऊन पोबारा केला आणि वाहतूकदार शेतकरी कर्जबाजारी झाला, अशा तक्रारी दर हंगामात पोलीस ठाण्यांत दाखल होतात. त्या खोट्या नाहीत. एकाच जोडीने दोन मुकादमांकडून उचल घेतल्याचीही उदाहरणे घडतात. मग वसुलीसाठी मजुराला किंवा त्याच्या नातलगाला अडकवून ठेवण्याचे प्रकार होतात. जो वाहतूकदार स्वतः बुडाला तोच दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर हात टाकतो. ही पद्धत मधल्या माणसालाही सुखी करीत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

साडेतीन रुपयांचा प्रश्न

“मजुरी वाढवली तर साखर उद्योग बुडेल” असे नेहमी सांगितले जाते. या विधानाची परीक्षा करणे अवघड नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची रास्त व किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४०० रुपये ठरविली होती. त्या एक टन उसापासून याच उताऱ्याने १०२.५ किलो साखर मिळते. तोडणीची टनामागची ३६६ रुपये मजुरी या साखरेवर विभागली, तर किलोमागे सुमारे ३ रुपये ५७ पैसे पडतात. मुकादमाचे कमिशन त्यात मिळविले तरी आकडा सव्वाचार रुपयांच्या आसपास राहतो.

याचा अर्थ असा की तोडणीची मजुरी उद्या दुप्पट केली आणि तिचा सारा भार ग्राहकावर टाकला, तरी आपल्या घरातील साखर किलोमागे साडेतीन-चार रुपयांनी महागेल. मळी, बगॅस, इथेनॉल आणि वीज यांतून कारखान्यांना मिळणारे उत्पन्न यात धरलेलेच नाही. एका कुटुंबाचे स्वातंत्र्य आणि आपला चहा यांच्यामध्ये एवढेच अंतर आहे.

मग हे होत का नाही? कारण महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होतो. मजुरी वाढली की ती पहिल्यांदा शेतकऱ्याला बोचते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि त्यानंतर उसाची किंमत वाढत असतानाही तो वर्षानुवर्षे हलला नाही. ग्राहकाला साखर स्वस्त हवी, सरकारला ग्राहक नाराज नको, कारखान्याला तोटा नको, शेतकऱ्याला कपात नको. हे सारे हितसंबंध संघटित आहेत. असंघटित असा एकच घटक उरतो आणि सर्व भार अखेर त्याच्याकडे सरकतो. ऊसतोड मजुरांच्या संघटना आहेत, संपही झाले आहेत. परंतु ज्याने आधीच उचल घेतली आहे त्याने संप तरी किती दिवस करावा?

गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या

साखर कारखान्यांची निदान चर्चा होते. गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या यांच्याकडे लक्ष जात नाही. दौंड तालुक्यात केडगाव-राहू परिसरात गुऱ्हाळांची मोठी दाटी आहे. त्यांतील अनेक ठिकाणी उत्तर प्रदेशातून आलेले कामगार चुलवाण पेटते ठेवतात आणि काहिलीतील रस उकळवतात. भाषा वेगळी, गाव दूर, काम रात्रंदिवस चालणारे. अशा कामगाराला मजुरीचा हिशेब मागावयाचा असेल तर तो कोणाकडे जाणार?

वीटभट्टीचेही गणित ऊसतोडीसारखेच आहे. मजुरी हजार विटांवर, उचल पावसाळ्यात, आठवड्याला खर्ची, हिशेब हंगामाच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर. पाऊस लवकर आला आणि कच्च्या विटा भिजल्या तर नुकसान थापणाऱ्याचे. वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्या यांवर राबणाऱ्यांत कातकरी समाजाची संख्या मोठी आहे. शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून नोंदविलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी ही एक. काताच्या धंद्यावरून ज्यांना नाव मिळाले त्यांचे जंगल गेले, जमीन कधी नव्हतीच. उरली ती उचल.

रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कंत्राटी कामगारांची स्थिती याहून वेगळी आहे आणि तिला सरसकट वेठबिगारी म्हणणे योग्य होणार नाही. तथापि एखाद्या ठेकेदाराने कामगाराचे बँकेचे कार्ड किंवा ओळखपत्र ताब्यात ठेवले असेल, पहिल्या महिन्याचा पगार अडकवून नोकरी सोडू दिली जात नसेल, तर उंच भिंतीच्या आत आणि फडाच्या बांधावर चाललेला व्यवहार एकाच जातीचा आहे, हे ओळखले पाहिजे.

कायदा आहे, मग अडते कोठे?

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, एक मूलगामी निर्णय दिला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबणे ही राज्यघटनेच्या कलम २३ ने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरी होय, असे न्यायालयाने म्हटले. सक्ती केवळ बळजबरीची नसते. भूक आणि दारिद्र्य हीही सक्तीच आहे, कारण त्यांच्यापुढे माणसाला निवड उरत नाही. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, हरियाणातील दगडखाणींच्या प्रकरणात न्यायालयाने वेठबिगारांना ओळखणे, सोडविणे आणि त्यांचे पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले.

कायद्याचे शब्द इतके स्पष्ट असताना अंमलबजावणी का अडखळते? पहिले कारण म्हणजे शिक्षा. १९७६ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड सांगितला. लाखांच्या उचलीपुढे दोन हजारांच्या दंडाची किंमत काय? दुसरे कारण म्हणजे ‘मुक्ती प्रमाणपत्र’. ते दिल्याशिवाय पुनर्वसन नाही. आणि ते देणे म्हणजे आपल्या तालुक्यात वेठबिगारी आहे हे अधिकाऱ्याने मान्य करणे. म्हणून ‘ही वेठबिगारी नव्हे, मजुरीचा वाद आहे’ अशी नोंद करणे सोयीचे ठरते. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असाव्यात असे कायदा सांगतो. त्या नियमितपणे बसल्या तर बरेच काही साधेल.

तिसरे कारण राज्याच्या सीमेशी निगडित आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा केवळ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत तो विलीन झाला. परंतु आंतरराज्य ही अट कायम राहिली. त्यामुळे गुऱ्हाळावरचा उत्तर प्रदेशातील कामगार निदान व्याख्येत बसतो. पाटोद्याहून दौंडला आलेली जोडी बसत नाही. त्याच संहितेत कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासावर गेली आहे. लहान ठेकेदार त्यामुळे आणखी नजरेआड जातो. सुदैवाने १९७६ चा वेठबिगारी कायदा या संहितांमध्ये मिसळलेला नाही. तो स्वतंत्रपणे उभा आहे.

काही पावले उचलली गेली आहेत, हेही नमूद केले पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले असून गाळपावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून आणि तितकेच शासनाकडून देण्याचे ठरले. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुले यांना दोन लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये पुनर्वसन साहाय्य आहे. तातडीची मदत आता ३० हजार रुपये आहे. अडचण ही की मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे आणि खटला लांबतो. तोपर्यंत पावसाळा येतो. मुकादम पुन्हा दारात उभा राहतो.

सुटका ही अर्धीच गोष्ट आहे, हे दौंड तालुक्याला नव्याने सांगण्याची आवश्यकता नसावी. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपासमारीने रस्त्यावर आलेल्या मुली केडगावला आणल्या. त्यांनी मुलींना केवळ अन्न आणि छप्पर दिले नाही. छापखाना, विणकाम, शेती अशी कामे शिकविली. आपल्या पायांवर उभी राहिलेली मुलगी पुन्हा विकली जात नाही, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या वसईकर वाचकांना आणखी एक उदाहरण ठाऊक आहे. विवेक व विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटनेच्या माध्यमातून ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वेठबिगारांना संघटित केले आणि १९९९ साली त्यांना गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकेका माणसाची सुटका होते, पण संघटना नसेल तर तो परत जातो, हा त्या लढ्याचा धडा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

या प्रश्नावर बोलताना ख्रिस्ती माणसाने नम्र असावे. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती घरांत गुलाम होते, ही इतिहासातील नोंद आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८८८ साली ब्राझीलच्या महागुरूंना गुलामगिरीच्या निषेधाचे पत्र लिहिले, आणि तीनच वर्षांनी १५ मे १८९१ रोजी कामगारांविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक प्रसृत केले. त्यात त्यांनी मांडलेला एक विचार येथे मोलाचा आहे : मालक आणि मजूर यांनी मान्य केली एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने मजुराने कठोर अटी स्वीकारल्या, तर तो अन्यायाचा बळी ठरतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली भुकेच्या सक्तीविषयी जे सांगितले त्याच्याशी हा विचार किती जुळतो, हे पाहण्यासारखे आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव धारण केले, तेही त्या परिपत्रकाचे स्मरण ठेवून.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गुलामगिरी आणि माणसाला नफ्याचे साधन बनविणारी श्रमांची स्थिती यांना एकाच ओळीत बसविले. ८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता यांचा सण मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. बखिता स्वतः सुदानमध्ये पळवून नेलेली गुलाम मुलगी होती. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असा इशारा संत याकोबाने धनवंतांना दिला आहे. तो कापणीविषयी आहे, ही गोष्ट ऊस पिकविणाऱ्या प्रदेशाने विसरू नये.

आपण काय करू शकतो?

“हे सारे सरकारचे काम आहे” असे म्हणणे सोपे आहे. परंतु आपले धर्मग्रामस्थ या अर्थकारणाच्या बाहेर नाहीत. कोणी ऊस पिकवितो, कोणी कारखान्यात पर्यवेक्षक आहे, कोणी कामगार पुरविण्याचा ठेका घेतो, कोणी घर बांधावयास काढले आहे, आणि नाताळच्या फराळासाठी गूळ-साखर तर प्रत्येक घरात येते.

ज्याच्या शेतात टोळी उतरते त्याने पिण्याचे पाणी, शौचाची सोय आणि रात्रीचा दिवा एवढे तरी द्यावे. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जो मजूर लावतो त्याने उचल दिली तर तिची आणि मजुरीची नोंद असलेली वही मजुराच्या हाती द्यावी आणि पैसे स्त्री-पुरुषांच्या स्वतंत्र खात्यांत भरावेत. ‘उचल फिटेपर्यंत जाता येणार नाही’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे कायद्याचा भंग करणे, हे त्याने लक्षात ठेवावे. घर बांधणाऱ्याने विटांचा भाव विचारताना थापणाऱ्याला हजारी किती मिळते, हेही विचारावे. प्रश्न विचारला जातो एवढे कळले तरी व्यवहार थोडा सावध होतो.

आपल्या शाळांनी हंगामात आलेल्या मुलांना वर्षाच्या मध्यावरही दाखला नसताना प्रवेश द्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. शाळेत बसलेले मूल मोळ्या उचलत नाही आणि पुढच्या पिढीचा कोयता बनत नाही. कोणास डांबून ठेवल्याचे कळल्यास तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. तालुका विधी सेवा समिती विनामूल्य मदत करते आणि मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. एकट्याने जाण्यास भीती वाटत असेल, आणि ती वाटणे स्वाभाविक आहे, तर धर्मगुरू, व्रतस्थ भगिनी आणि धर्मग्राम परिषद यांनी सोबत जावे. अर्जावर दहा नावे असली की तो सहजासहजी बाजूला पडत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात होती आणि २०२४ च्या तिच्या अहवालानुसार अशा श्रमातून दरवर्षी २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा मिळविला जातो. हे आकडे ऐकून माणूस हतबल होतो. आम्ही वाचकांना त्याहून लहान आकडा लक्षात ठेवण्याची विनंती करतो : किलोमागे साडेतीन रुपये. एवढा भार आपण सर्वांनी मिळून उचलावयाचे ठरविले, तर उचल घेण्याची वेळ पुष्कळ घरांवर येणार नाही.